गेटच्या पुढे

मोटोक्रॉसचा एक नियम मला फार आवडतो. शर्यत सुरू झाली की ट्रॅकवर रायडरला बाहेरच्या कुणीही मदत करायची नाही. पडलास तर स्वतः उठ, गाडी स्वतः उचल, किक मारून स्वतः चालू कर. धोका दिसला तर तिथे नेमलेला मार्शल धावतो, तेवढाच अपवाद. बाप चार हातांवर कुंपणाला धरून उभा असला तरी त्याने आत पाऊल टाकायचं नाही. हेल्मेटमध्ये वायरलेस लावून सूचना देणंही बंद. फार तर ठरवून दिलेल्या जागी उभं राहून एक पाटी दाखवायची, त्यावर खडूने काय ते लिहायचं, आणि पोरगा उडता उडता वाचेल अशी आशा करायची.

स्टार्टला तर आणखी मजा. सगळ्या गाड्या एका ओळीत लोखंडी गेटमागे उभ्या असतात. आपल्या चाकाखालची गेटमागची माती ज्याने त्याने नीट करून घ्यायची, पण हत्यार न वापरता आणि दुसऱ्या कुणाची मदत न घेता. म्हणजे बुटाने दाबायची, हाताने खडे वेचायचे. मग १५ सेकंदांची पाटी, मग ५ सेकंदांची, आणि ती दिसल्यावर पुढच्या ५ ते १० सेकंदांत केव्हाही गेट पडतं. नक्की केव्हा ते कुणालाच ठाऊक नसतं. तेवढ्या वेळात चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय चालत असेल, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हापासून मी या खेळात अडकलो.

अडकलो म्हणजे माझी पिकअप अडकली. भाचा रेस करतो आणि पिकअप मामाची, असा तो हिशोब. मोटोक्रॉसच्या गाडीला हेडलाईट नसतो, इंडिकेटर नसतो, नंबरप्लेट नसते. ती रस्त्यावर चालवताच येत नाही, कुठेही न्यायची तर दुसऱ्या गाडीत घालून, दोऱ्यांनी आवळून. माझ्या पिकअपमध्ये फेब्रुवारी ते मे आंब्याच्या पेट्या असतात आणि बाकीचे महिने भाच्याची गाडी. हौद्यात पेंढ्याचा आणि टू-स्ट्रोक ऑईलचा मिळून जो वास येतो तो आता कायमचाच झालाय.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मातीचा बंदिस्त ट्रॅक, त्यावर वळणं, चढ-उतार आणि उड्या. १९२४ साली इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीला अशी पहिली नावाजलेली शर्यत झाली, तेव्हा तिला 'स्क्रॅम्बल' म्हणत. मोटोक्रॉस हे नाव फ्रेंच भाषेतून आलं. १९४७ पासून देशादेशांच्या संघांची शर्यत सुरू झाली, पहिली हॉलंडमध्ये. हाच खेळ स्टेडियममध्ये माती ओतून, उंच उंच उड्या रचून केला की त्याला सुपरक्रॉस म्हणतात. आपल्याकडे पुणे, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यात याचं वेड जुनं आहे. हल्लीच्यांपैकी पुण्याच्या ऋग्वेद बारगुजेचं नाव आमच्या घरात सचिनच्या चालीवर घेतलं जातं.

आता रत्नागिरी. इथे मोटोक्रॉस म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कुठे, मारुती मंदिरच्या सर्कलला काय?" खरं सांगायचं तर जागा कमी नाही. मैलोगणती सडा पडलाय. पण सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. या खेळाला माती लागते, थोडी ओलसर, चाकाखाली चर पडतील अशी. कातळावर चाक धरत नाही, आणि पडलं की ढोपराची सालं निघतात. त्यात जून ते सप्टेंबर पाऊस असा की गाडी काय, माणूसही घराबाहेर काढवत नाही. शेवटी ओळखीच्या एकांच्या जागेत भरावाची लाल माती पडली होती, तिथे जेसीबीवाल्याला चहापाणी देऊन तीन उड्या आणि दोन वळणं करून घेतली. रत्नागिरीतला आमचा सुपरक्रॉस तो हाच. शेजारी काजूची झाडं, आणि कडेला बसून बघणारी दोन-तीन कुत्री.

गाडी जुनी, ८५ सीसीची, पुण्याहून आणलेली. नवी घेणं परवडणारं नव्हतं. २०२३ साली कावासाकीने भारतात केएक्स ६५ आणि केएक्स ११२ या मुलांच्या गाड्या आणल्या, तेव्हा धाकटीची किंमत तीन लाखांच्या वर आणि थोरलीची पावणेपाच लाखांच्या वर होती. म्हणून उगाच 'जिद्दीच्या जोरावर' वगैरे भाषा मी करणार नाही. रयत शिक्षण संस्थेच्या ब्रीदवाक्यात स्वावलंबन आहे, पण ते कमवून शिकणाऱ्या, वसतिगृहात हाताने भाकऱ्या थापणाऱ्या पोरांचं स्वावलंबन. आमच्या भाच्याचं स्वावलंबन भावोजींच्या प्रॉव्हिडंट फंडावर उभं आहे. हे एकदा मान्य केलं की पुढचं बोलायला मोकळं.

तर भावोजी. सरळ नोकरीतला माणूस, बोलणं कमी. गाडी घरात आली त्या दिवशी त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. ही कधी रस्त्यावर नेलीस तर त्याच दिवशी विकीन. (२०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी सापडली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण भावोजी कायद्याला भिऊन बोलत नव्हते. त्यांना ते मांडवी बीचवर संध्याकाळी एका चाकावर गाडी नाचवणारे हिरो आवडत नाहीत.) आणि दुसरी गोष्ट, मेकॅनिक मिळणार नाही. जे करायचं ते तू शिक, अडलं तर विचार.

ताई म्हणाली, "अहो, चौदा वर्षांचं पोर ते!" भावोजी म्हणाले, "ऐंशीच्या स्पीडने उडी मारायला चौदा चालतात ना?" (ऐंशी वगैरे काही नव्हतं हो, पण मुद्दा पोचला.)

मग सुरू झालं एअर फिल्टर पुराण. या गाड्यांना स्पंजचा फिल्टर असतो. प्रत्येक वेळी चालवून आलं की तो काढायचा, धुवायचा, वाळवायचा, त्याला खास तेल चोळायचं आणि परत बसवायचा. पिळायचा नाही, पिळला तर फाटतो, नुसता दाबायचा. आमच्या लाल मातीची धूळ मैद्यासारखी बारीक. फिल्टरच्या कडेतून चिमूटभर जरी आत गेली तरी पिस्टनला ओरखडे, म्हणजे हजारोंचा खर्च. पहिल्या महिन्यात ताईच्या कपड्यांच्या टबाचा रंग गेला. "मेल्या, यात उद्या मी तुझे शाळेचे शर्ट भिजवू काय?" मग त्याने पॉकेटमनीतून वेगळी बादली आणली.

पेट्रोलचंही तसंच. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑईल मोजून मिसळावं लागतं. ३२ ला १ हे प्रमाण. ५ लिटरला किती? गणितात जेमतेम पास होणाऱ्या पोराने कॅल्क्युलेटर न घेता १५६ मिलिलिटर सांगितलं तेव्हा मी पिकअपच्या फळीवर बसूनच राहिलो. ऑईल कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर प्लग काळा. इथे दहापैकी सहा मार्क मिळवून चालत नाही. मग चाकाच्या तारा ताणून बघणं, चेनचा सैलपणा दोन बोटांनी मापणं, नटबोल्ट एकेक फिरवून बघणं. हे सगळं तो एका दोनशे पानी वहीत लिहायला लागला. कुठल्या तारखेला किती वेळ चालवली, काय सैल होतं, कुठल्या उडीला कितवा गिअर. अक्षर भयंकर. पण वही कधी चुकली नाही. या वहीचं पुढे काम आहे.

उचलणं मात्र वहीत लिहून येत नाही. गाडीचं वजन ७५ किलोच्या आसपास आणि भाचा तेव्हा ४२ किलोचा. पहिल्यांदा पडला तेव्हा मी सवयीने धावलो. भावोजींनी नुसता हात आडवा धरला. पोरगं हँडल धरून ओढतंय, गाडी हलत नाही, सायलेन्सरचा चटका बसला, डोळ्यांत पाणी. चार-पाच मिनिटं तरी गेली असतील. मग त्याला कळलं की गाडी हाताने नाही, मांड्यांच्या जोराने उचलायची असते, चाक उताराकडे वळवून. कुणी सांगितलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. मी भावोजींवर चिडलो होतो तेव्हा, आणि तसं बोललोही. ते म्हणाले, "गेटच्या पुढे आपण नसणार आहोत. मग आत्ता तरी कशाला?"

२८ जानेवारी २०२४ ला आम्ही सगळे बालेवाडीला गेलो होतो, इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीवहिली फेरी बघायला. परदेशी रायडर, ४५० सीसीच्या गाड्या, दिव्यांचा लखलखाट. लोक त्यांच्यासाठी आले होते, मी मात्र ८५ सीसीच्या ज्युनियर मुलांकडे बघत होतो. पोरं पडली की आमच्या शेजारच्या रांगेतून "अरेरे" निघायचं. आमचा भाचा मात्र ओठांतल्या ओठांत म्हणायचा, "क्लच दाब, क्लच दाब, आता उचल."

पुढे आम्ही स्पर्धांना जायला लागलो आणि मग जे दिसलं ते काही सगळंच छान नव्हतं. पॅडॉक म्हणजे रायडरच्या गाड्या उभ्या राहतात ती जागा. तिथे दहा मिनिटं हिंडलं तरी घराघरांतले संस्कार दिसतात. एक पोरगा खुर्चीत बसलेला, मोबाईल बघतोय. काका चेन साफ करतायत, बाबा गुडघ्यावर बसून त्याच्या बुटांचे बक्कल लावतायत, आई केळं सोलून देतेय. शर्यत झाली, नववा आला, आला तो मेकॅनिकवर ओरडत. "सस्पेन्शन कडक केलंस तू!" माणूस बिचारा पन्नाशीचा, मान खाली घालून पाना शोधत होता. बाबाही मेकॅनिकलाच बोलले. मला त्या पोराची खरं तर कीव आली. नववा आल्याचं दुःख करायचीसुद्धा त्याला सोय नव्हती, कारण नववा तो आलाच नव्हता, सस्पेन्शन आलं होतं.

आणि त्याच दिवशी एक मुलगी पाहिली, बारा-तेराची असेल. सकाळी सगळ्यांच्या आधी एकटी ट्रॅकवर चालत होती. प्रत्येक उडीच्या उतरणीवर थांबायची, बुटाने माती उकरून बघायची, मागे वळून उडीकडे बघायची. वडील लांब टेम्पोपाशी चहा घेत होते. ती कितवी आली ते आता आठवत नाही. भाचा मात्र पुढच्या स्पर्धेपासून पायी ट्रॅक फिरायला लागला. आपण तिच्याकडून घेतलं हे अर्थातच त्याने कबूल केलेलं नाही.

मोठ्या स्पर्धांमध्ये ही गोष्ट किती ताणली जाते बघा. डाकार रॅलीमध्ये एक वर्ग असा आहे की त्यात रायडरला मेकॅनिकच नसतो. आयोजक त्याची एक पेटी, तंबू आणि चाकं मुक्कामाला पोचवतात. दिवसभर वाळवंटात शेकडो किलोमीटर चालवायचं आणि रात्री त्याच हातांनी टायर बदलायचा. पेटीला फ्रेंचमध्ये 'माल' म्हणतात, म्हणून या प्रकाराला 'माल मोटो' हे नाव. आपल्याकडच्या माल या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, पण मला वाचून हसू आलंच.

डाकारला गेलेले आपले लोक याच मातीतून गेलेत. बंगळूरचा सी. एस. संतोष आधी मोटोक्रॉस-सुपरक्रॉसचा, २०१५ मध्ये डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय, ३६ वा आला. हरिथ नोआ अनेकदा राष्ट्रीय सुपरक्रॉस विजेता, २०२१ मध्ये डाकारला विसावा आणि २०२४ मध्ये रॅली-२ वर्गात पहिला, एकंदरीत अकरावा. नोआ शोरनूरचा. शोरनूर म्हणजे आपल्या रत्नागिरीला थांबणारी मंगला एक्सप्रेस पुढे ज्या गावावरून जाते ते. भाच्याच्या दृष्टीने या माहितीला फार महत्त्व आहे, कारण आपल्याच रुळांवरच्या गावातला माणूस डाकारला जातो तर... असो.

पण संतोषचीच दुसरी बाजू आहे. २०२१ च्या डाकारमध्ये चौथ्या टप्प्यात तो पडला. डोक्याला मार, औषधांनी बेशुद्ध ठेवलं होतं, रियाधच्या हॉस्पिटलात. नंतर तो बरा झाला. ती बातमी ताईने कुठून तरी वाचली होती आणि तिने ती कधीही विसरू दिली नाही. "स्वतः उठ, स्वतः उठ शिकवताय. उठूच नये असं कधी असतं ते कोण शिकवणार?" भावोजींकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

या खेळातली मुलं दुखणं लपवतात. मोठे पण लपवतात, पण मुलं जास्त. रडायचं नाही, तक्रार करायची नाही, 'मी ठीक आहे' म्हणायचं, ही त्यांची फुशारकी. आणि गंमत अशी की बाहेरून बघताना ते स्वावलंबनासारखंच दिसतं. 'मी माझं बघतो' हे वाक्य फिल्टर धुणारं पोरही म्हणतं आणि मनगट सुजलेलं असताना त्यावर ग्लोव्ह चढवणारं पोरही म्हणतं. आपण दोघांच्याही पाठीवर थाप मारतो.

दिवाळीनंतर कोल्हापूरजवळ एक स्पर्धा होती. पहाटे साडेतीनला निघालो, हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट. उजाडताना मलकापूर. सकाळच्या सरावात भाचा एका उडीवरून उतरताना पुढे फेकला गेला. उठला, गाडी उचलली, दोन किकमध्ये चालू केली आणि उरलेल्या फेऱ्या पुऱ्या करून आला. कुंपणापाशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हेल्मेटला डाव्या बाजूला एक ओरखडा, बाकी काही नाही. "ठीक आहे ना रे?" "हो." मग त्याने चेन बघितली, पेट्रोल भरलं, वही काढली, लिहिलं, सगळं नेहमीसारखं. मी पाटीवर खडूने 'श्वास घे' लिहून ठेवलं. बाकी काही लिहिलं तर तो वाचत नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने त्याची हीट होती. भाचा वही घेऊन माझ्याकडे आला.

"मामा, हे मी कधी लिहिलं?"

पानावर त्याचंच ते भयंकर अक्षर. तारीख, सरावाची वेळ, 'चेन थोडी सैल, ताणली. तिसऱ्या उडीला दुसरा गिअर.' मी म्हटलं, मगाशी लिहिलंस की, माझ्यासमोर. तो पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला सराव झालेला आठवतच नाहीये."

हे त्याने सांगितलं नसतं तर आम्हाला कुणालाही कळलं नसतं. चालत नीट होता, बोलत नीट होता. भावोजी जवळच होते. त्यांनी घड्याळ बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि काही बोलायच्या आत पोरगा ॲम्ब्युलन्सपाशी बसलेल्या डॉक्टरांकडे चालायला लागला होता. एकटाच. आम्ही मागून गेलो. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, महिन्यांची नावं उलटी म्हणायला लावली. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबरपर्यंत आला आणि तिथेच अडकला. डॉक्टर म्हणाले, आज गाडीला हात लावायचा नाही, आधी कोल्हापुरात स्कॅन करा. डोकं एकदा हललेलं असताना त्यावर दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा फार वाईट ठरू शकतो, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं.

पॅडॉकमधल्या एकाने आम्हाला ऐकू जाईल असं म्हटलं, "एवढ्या लांबून आलात, एक हीट तरी पळवायची." भाच्याने ऐकलं. त्याचा चेहरा लाल झाला, पण तो काही बोलला नाही. गाडी पिकअपमध्ये चढवताना मात्र दोऱ्या त्यालाच बांधायच्या होत्या. डॉक्टरांनी हात लावू नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून त्याने आम्हाला उभं राहून गाठी सांगितल्या आणि भावोजींची गाठ दोनदा सोडायला लावली.

स्कॅन चांगला आला. एक रात्र कोल्हापुरात काढली, मग घरी तीन आठवडे सक्तीची विश्रांती, मोबाईल बंद, शाळाही अर्धवट. ताईने त्या तीन आठवड्यांत 'मी म्हणत होतेच' हे एकदाही म्हटलं नाही, याची नोंद व्हायला हवी. भावोजींनी फक्त एकदा विचारलं, की ती वही आमच्याकडे न आणता तशीच मिटली असतीस तर? तो म्हणाला, "मग गेटवर उभा असताना मला कितवा गिअर ते कुठे आठवणार होतं?" इतकं सरळ कारण. धैर्य वगैरे नाहीच त्यात. गाडीत काय बिघडलंय ते लिहायची सवय, आणि या वेळी बिघाड स्वतःत निघाला, म्हणून तोही सांगितला.

आता तो परत चालवतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीनंतर, आधी नुसते सपाटीवर गोल, मग उड्या. पुढे किती दिवस चालवेल देव जाणे, दहावी आली की ताई आणि भावोजी दोघंही एका बाजूला होणार आहेत.

हेल्मेटचं मात्र सांगायचं राहिलं. आतला थर्मोकोलसारखा थर मार बसला की एकदाच दबतो, परत वर येत नाही, म्हणून बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी ते हेल्मेट बाद. ओळखीचा एक पोरगा ते मागायला आला, स्कूटरवर वापरीन म्हणाला, आठशे रुपये देतो म्हणाला. भाच्याने नाही सांगितलं. त्याला पटेना, दोन दिवसांनी हजार घेऊन परत आला. त्या संध्याकाळी भाच्याने माझ्याकडची करवत नेली आणि पाऊण तास खपून हेल्मेटचे दोन तुकडे केले. एक त्याच्या टेबलावर आहे, आतला दबलेला भाग दिसेल असा ठेवलेला. दुसऱ्यात ताई कपड्यांचे चिमटे ठेवते.